ह्यूस्टनमध्ये बंदुकीचा सायलेन्सर घ्यावा का, आणि तो सावंतवाडीला नेता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही ह्यूस्टनजवळ राहता, ग्रीन कार्ड मिळालंय, आणि सहकाऱ्याच्या रँचवर रानडुकरं मारायला म्हणून .३०८ ची बोल्ट अ‍ॅक्शन रायफल घेतली आहे. १ जानेवारी २०२६ पासून सायलेन्सरवरचा दोनशे डॉलरचा कर शून्य झाला, म्हणून आता एक घ्यावा असं मनात आहे. ऑनलाइन चाळीस डॉलरला ‘सॉल्व्हंट ट्रॅप’ नावाचं किट दिसलं, ते चालेल का? डिसेंबरात बाबा सावंतवाडीहून येतील, त्यांना दोन बार काढू द्यावेत का? आणि परत जाताना त्यांच्या शेती संरक्षणाच्या बाराबोरसाठी ही ‘छोटीशी अ‍ॅक्सेसरी’ बॅगेत देता येईल का?

मी वकील नाही. टेक्सासात बंदुकांच्या एका दुकानात गेली बारा वर्षं शनिवार-रविवार काउंटरमागे बसतो आणि माझ्या वाट्याला मुख्यतः सायलेन्सरची कागदपत्रं येतात. उरलेल्या वेळात रेंजवर सेफ्टी ऑफिसर. आपली माणसं नेमकी कुठे अडकतात ते एव्हाना पाठ झालंय. तुमच्या प्रश्नांपैकी पैशाचा प्रश्न सगळ्यात सोपा आहे, म्हणून तो थोडा मागे ठेवतो.

खरी गोम तुम्ही वापरलेल्या ‘अ‍ॅक्सेसरी’ या शब्दात आहे. दुर्बीण, पट्टा, दोन पायांचा स्टँड या अ‍ॅक्सेसरीज. सायलेन्सर तसा नाही. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात ‘फायरआर्म’ची जी व्याख्या आहे, तिच्यात सायलेन्सर स्वतंत्रपणे घातलेला आहे. म्हणजे रायफल घरी ठेवून नुसती नळकांडी खिशात घालून फिरलात तरी कायद्याच्या नजरेत तुमच्याजवळ बंदूक आहे. गंमत म्हणजे भारतातही तेच. १९५९च्या शस्त्र कायद्याचं दुसरं कलम उघडून पाहा. ‘अग्निशस्त्र’ या व्याख्येत बार उडताना होणारा आवाज किंवा ज्वाळा कमी करण्यासाठी बनवलेली उपकरणंही येतात. हे एकदा डोक्यात बसलं की तुमच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं तुमची तुम्हालाच सुचतील.

आधी वस्तूबद्दल थोडं, कारण सिनेमांनी घोळ घालून ठेवलाय. पडद्यावर ‘फुस्स’ होतं आणि शेजारच्या खोलीतल्या माणसाला पत्ता लागत नाही. प्रत्यक्षात .३०८ चा बार नळीच्या तोंडाशी १६० डेसिबलच्या वर जातो. चांगला सायलेन्सर त्यातून २० ते ३५ डेसिबल काढतो. डेसिबलचं गणित साधं वजाबाकीचं नसतं. ३० डेसिबल कमी म्हणजे ध्वनीची ऊर्जा हजारपट कमी. तरी जो उरतो तो १३०-१४०च्या घरातला आवाज असतो. आपल्याकडे दिवाळीच्या फटाक्यांना चार मीटरवर १२५ डेसिबलची मर्यादा आहे. मोजण्याची जागा आणि पद्धत वेगळी असल्याने ही तुलना तंतोतंत नाही, पण ‘सायलेंट’ रायफल म्हणजे साधारण सुतळी बॉम्बच्या पंगतीतली वस्तू, एवढा अंदाज येतो. म्हणूनच इथले जाणकार ‘सप्रेसर’ म्हणतात. कायदा मात्र ‘सायलेन्सर’च म्हणतो, म्हणून मीही तेच म्हणतोय.

काम कसं करतो, तर मोटारसायकलच्या पुंगळीसारखंच. गोळीमागून सुटणारा तापलेला, प्रचंड दाबाचा वायू एकदम बाहेर फुटला की तो स्फोटासारखा वाजतो. सायलेन्सरच्या आत एकामागे एक भोकं असलेले पडदे असतात, त्यांना बॅफल म्हणतात. वायू तिथे अडतो, पसरतो, थोडा निवतो आणि सावकाश बाहेर येतो. गोळीचा स्वतःचा आवाज त्याच्या हातात नाही. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर, आणि तुमच्या .३०८ ची गोळी निघते ८०० च्या आसपास. ती हवा फाडत जाते तेव्हाचा चाबकासारखा कडाका कुठलाही सायलेन्सर थांबवू शकत नाही. त्यामुळे सायलेन्सर लावूनही कानावर मफ ठेवा. मी पहिली काही वर्षं ठेवले नाहीत. आता रात्री सगळं निजानीज झालं की डाव्या कानात रातकिडा ओरडत असतो. तो बाहेरचा नाही.

तरीही मी लोकांना घ्या म्हणतो. डुकरांवर रात्री, उघड्यावर, घाईत नेम धरायचा असतो आणि बऱ्याचदा कानावर काहीच नसतं. धक्का कमी होतो, नेम सुधारतो, रँचच्या शेजाऱ्यांची झोप मोडत नाही. टेक्सासात २०१२ पासून शिकारीलाही तो चालतो.

आता कर. सायलेन्सर बाजारात आणला हायरम पर्सी मॅक्सिमने. त्याचं पेटंट १९०९ चं. मशीनगनवाल्या मॅक्सिमचा हा मुलगा. त्याच तत्त्वावर त्याने मोटारींचे मफलरही केले, म्हणजे पुंगळीची उपमा मी उगाच दिलेली नाही. पुढे टोळीयुद्धांच्या काळात १९३४ साली ‘नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्ट’ आला. मशीनगन, आखूड नळीच्या बंदुका आणि सायलेन्सर यांची नोंदणी सक्तीची झाली आणि प्रत्येक हस्तांतरावर २०० डॉलर कर बसला. त्या काळी ही रक्कम खुद्द सायलेन्सरच्या किमतीच्या कितीतरी पट होती. उत्पन्नासाठी नव्हे, लोकांनी घेऊच नये म्हणून लावलेला तो कर होता. तो आकडा ९१ वर्षं तसाच राहिला. जुलै २०२५च्या मोठ्या कर-कायद्याने सायलेन्सर आणि आखूड बंदुकांपुरता तो शून्य केला. मशीनगनवर तो अजून २०० च आहे.

आता नीट ऐका, कारण दुकानात रोज हाच गैरसमज घेऊन दोन-चार जण येतात. कर शून्य झाला, नोंदणी गेलेली नाही. फॉर्म, बोटांचे ठसे, फोटो, मंजुरी, सगळं जागेवर आहे. करच राहिला नाही तर करासाठीची नोंदणी कशी टिकते, असा मुद्दा घेऊन काही संघटना न्यायालयात गेल्या आहेत. निकाल लागेल तेव्हा लागेल. तोवर त्यांच्या भरवशावर तुम्ही आपल्या अंगावर केस ओढवून घेऊ नका.

प्रत्यक्षात असं होतं. ज्याच्याकडे या खास वर्गाचा परवाना आहे अशा दुकानदाराकडे जायचं. लोक त्याला ‘क्लास थ्री डीलर’ म्हणतात. तुमचं वय २१ पूर्ण हवं. सायलेन्सर निवडायचा, पैसे द्यायचे आणि तो दुकानातच ठेवायचा. मग एटीएफ या केंद्रीय खात्याकडे ‘फॉर्म ४’ जातो, सोबत ठसे आणि फोटो. एक प्रत तुमच्या भागातल्या शेरीफ किंवा पोलीसप्रमुखाकडे जाते. त्याची परवानगी लागत नाही, फक्त कळवायचं असतं. पूर्वी मंजुरीला आठ-दहा महिने लागायचे. २०२४ पासून काही अर्ज मी चार-पाच दिवसांत परत आलेले पाहिलेत. गर्दी किती आणि तुमचं नाव किती जणांशी जुळतं यावर ते आहे. मंजुरी आली की दुकानात बंदूक खरेदीचा ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा आणि मग वस्तू हातात. त्याआधी दुकानाच्या रेंजवर आमच्यासमोर वापरून पाहता येतो, घरी नेता येत नाही. मंजुरीच्या कागदाची प्रत कायम सोबत ठेवा.

तुमच्या बाबतीत मला एक गोष्ट खटकली, ती अशी. ग्रीन कार्ड असलेला माणूस बंदूक घेऊ शकतो, सायलेन्सरही घेऊ शकतो. पण एच-वन-बी (नोकरी), एच-फोर (नोकरदाराचं कुटुंब), एफ-वन (शिक्षण), बी-टू (भेट) अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगायला मनाई आहे. काही अपवाद आहेत. आपल्या लोकांच्या कामाचा मुख्य अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचा चालू शिकार-परवाना. रेंजवर भाड्याने घेतलेली बंदूक हातात धरणं हेही ‘बाळगणं’च. आता स्वतःलाच विचारा: रायफल घेतली त्या दिवशी कार्ड आलेलं होतं का? नसेल, तर शिकार-परवाना जवळ होता का? दोन्ही उत्तरं ‘नाही’ असतील तर ते मला सांगू नका, इथे लिहूही नका. आधी इमिग्रेशनचा वकील गाठा, फॉर्म ४ नंतर.

एवढं बजावण्याचं कारण आहे. नागरिकाकडून शस्त्रकायद्याचा गुन्हा झाला तर तो शिक्षा भोगून घरी येतो. ग्रीन कार्डवाल्याला शस्त्राच्या गुन्ह्यात दोषी ठरवलं, तर तेवढ्यावरून देशाबाहेर काढता येतं, आणि त्या तरतुदीत शस्त्राचे भाग आणि उपकरणंही आहेत. वीस वर्षांची नोकरी, मुलांची शाळा, घराचं कर्ज, सगळं एका नळकांडीपायी जाऊ शकतं.

म्हणूनच ते चाळीस डॉलरचं किट. ‘सॉल्व्हंट ट्रॅप’ म्हणजे नळी साफ करताना ठिबकणारा द्राव गोळा करायची नळी, असं विकणारा सांगतो. वस्तू दिसते हुबेहूब सायलेन्सरसारखी, फक्त भोकं पाडायची बाकी. इथल्या कायद्यात सायलेन्सर जोडण्याच्या हेतूने जमवलेले सुटे भागदेखील सायलेन्सरच. भोक पाडलंत की नाही यावर वाद घालत बसायला वकील लागतो. नोंदणीशिवाय सायलेन्सर बाळगण्याला १० वर्षांपर्यंत कैद आहे. कायदेशीरपणे स्वतः बनवायचा तर ‘फॉर्म १’ भरून मंजुरी आल्यावरच, अवजाराला हात लावण्याआधी. पण खरं सांगू? कर शून्य झाल्यावर आणि ‘फॉर्म ४’ची मंजुरी काही दिवसांत येत असताना तुमच्यासारख्याने त्या वाटेला जाण्यात काही हशील नाही. मागवलं नसेल तर मागवू नका. मागवलं असेल तर त्याच वकिलाला तेही सांगा.

याच जातीचा दुसरा सापळा टेक्सासचा स्वतःचा आहे. २०२१ साली इथल्या विधिमंडळाने कायदा केला की टेक्सासात बनलेला आणि टेक्सासातच राहणारा सायलेन्सर केंद्राच्या कायद्याबाहेर. ऐकायला फार गोड. कॅन्ससने असाच कायदा २०१३ मध्ये केला होता. त्यावर विश्वास ठेवून तिथल्या एका दुकानदाराने नोंदणीशिवाय माल विकला आणि एका गिऱ्हाइकाने तो घेतला. दोघांवरही केंद्रीय खटला चालला, दोघेही दोषी ठरले, २०१८ मध्ये अपील फेटाळलं गेलं आणि सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. राज्याने केलेला कायदा त्यांच्या कामी आला नाही. ‘मेड इन टेक्सास’ कोरलेला बिनकागदी माल कुणी देऊ केला तर चहा पिऊन निघून या.

नोंदणी कुणाच्या नावावर? एकट्याच्या नावावर केलीत तर तो फक्त तुमच्या ताब्यात राहू शकतो. तुम्ही कामासाठी परगावी, तिजोरीची किल्ली पत्नीकडे, ही स्थितीसुद्धा अडचणीची. म्हणून लग्न झालेल्यांना मी ट्रस्टच सुचवतो. दोघं विश्वस्त, दोघांना ताबा. २०१६ पासून ट्रस्टमधल्या प्रत्येक जबाबदार व्यक्तीचे ठसे आणि फोटो द्यावे लागतात, पण ते काम एका दुपारचं. अट एकच: पत्नीचंही ग्रीन कार्ड हवं. ती अजून एच-फोरवर असेल तर तिला ट्रस्टमध्ये घालू नका, आणि तिजोरीचा आकडा तुमच्या एकट्याच्याच डोक्यात राहू द्या. घरात थोडी कटकट होईल. होऊ द्या.

बाबांचं. ते बी-टूवर येणार, म्हणजे वर सांगितलेली मनाई त्यांनाही लागू. इथे टेक्सासचा एक विनोद आहे. रानडुकरांसाठी, खासगी जमिनीवर मालकाची परवानगी असेल तर, २०१९ पासून शिकार-परवाना लागतच नाही. त्यामुळे रँचवाला म्हणतो, ‘येऊ द्या की काकांना, लायसन्सबिन्सन्स काही नको.’ राज्याच्या दृष्टीने त्याचं बरोबर. पण केंद्राचा अपवाद मिळवायला बाबांच्या खिशात परवाना हवाच. तेव्हा ते पोचल्यावर आधी बाहेरच्यांसाठीचा शिकार-परवाना काढा. क्रीडासाहित्याच्या मोठ्या दुकानांत मिळतो. मग तुम्ही शेजारी उभे राहा आणि त्यांना खुशाल बार काढू द्या. रायफल आणि सायलेन्सर तुमच्याच नजरेखाली राहू द्या, त्यांना एकट्याला सोपवून गाडीकडे जाऊ नका.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण आपल्या माणसांच्या बाबतीत ती हटकून येते: बदली. ५० पैकी ४२ राज्यांत सर्वसामान्य नागरिकाला सायलेन्सर ठेवता येतो. न चालणारी आठ राज्यं म्हणजे कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, न्यूयॉर्क, इलिनॉय, मॅसॅच्युसेट्स, डेलावेअर, र्‍होड आयलंड आणि हवाई. शिवाय राजधानी वॉशिंग्टन. यादी नीट वाचा. आपली महाराष्ट्र मंडळं जिथे सगळ्यात जोरात चालतात, त्यातली बरीच ठिकाणं यात आली. उद्या कंपनीने न्यू जर्सीतल्या एडिसनला किंवा कॅलिफोर्नियातल्या बे एरियात बोलावलं तर सायलेन्सर सोबत नेता येणार नाही. डीलरमार्फत विकायचा, किंवा ट्रस्टमधला दुसरा विश्वस्त टेक्सासात असेल तर त्याच्याकडे ठेवायचा. बाकी ज्या राज्यात तो चालतो तिथे नेताना एटीएफची आगाऊ परवानगी लागत नाही. ती आखूड नळीच्या रायफलींना लागते, सायलेन्सरला नाही. पण वाटेत कुठलं राज्य लागतं हे नकाशावर बघूनच निघा.

घेणारच असाल तर तांत्रिक बाब एकच सांगतो. तुमच्या रायफलीच्या नळीला आटे आहेत का ते पाहा. .३०८ ला बहुतेक ५/८ इंच व्यासाचे आणि इंचाला २४ असे असतात. नसतील तर चांगल्या गनस्मिथकडूनच पाडून घ्या. आटे केसभर तिरके गेले तरी गोळी बॅफलला घासते आणि हजार डॉलरची वस्तू एका बारात फाटते. पहिल्यांदा लावल्यावर अलाइनमेंट रॉड, म्हणजे एक सरळ सळई, नळीतून घालून भोकाच्या मधोमध येतोय ना ते बघा, मगच काडतूस भरा. रँचवर अर्ध्यात सैल झालाय का हे चाचपताना हातमोजा घाला. दहा बारांनंतर तो तव्यासारखा तापतो.

आणि शेवटी सावंतवाडी. नाही. कुठल्याही वाटेने नाही. अमेरिकेतून सायलेन्सर बाहेर नेणं ही युद्धसामग्रीची निर्यात समजली जाते आणि तिला परराष्ट्र खात्याचा परवाना लागतो. प्रवाशाला स्वतःच्या साध्या बंदुका तात्पुरत्या बाहेर नेण्याची जी सवलत असते, तिच्यात सायलेन्सर बसत नाही. म्हणजे ह्यूस्टनच्या विमानतळावर बॅग चेक-इन केलीत तिथे पहिला गुन्हा. मुंबईला उतरल्यावर दुसरा, कारण भारतात तोच डबा अग्निशस्त्र ठरतो. बाबांचा शेती संरक्षणाचा परवाना आहे तो त्या एका बाराबोरचा. त्यांच्या परवान्यावर आवाज कमी करणारं उपकरण चढवून देणं जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या हातात नाही. नियमांत ते पहिल्या वर्गात, म्हणजे केंद्र सरकारच्या अखत्यारीत येतं. दर निवडणुकीला बंदूक पोलीस ठाण्यात जमा करताना ठाणे अंमलदार नंबर ताडून घेतो, हे बाबांना माहीत असेलच. त्या टेबलावर ही नळी निघाली तर तुम्ही इथून फोनवर काय समजावून सांगणार आहात?

त्यांची खरी तक्रार काय आहे ते एकदा विचारा. बहुधा शेजाऱ्यांना त्रास होतो ही नसून कान दुखतात ही असेल. पन्नास-साठ डॉलरला बॅटरीवर चालणारे कानाचे मफ मिळतात. बोलणं आणि पाचोळ्यातली डुकराची सळसळ त्यातून वाढवून ऐकू येते आणि बार उडाला की ते क्षणात बंद होतात. त्यांचे दोन जोड बॅगेत टाका, एक बाबांना आणि एक रात्री राखणीला त्यांच्यासोबत बसणाऱ्या गड्याला.